ससेवाडीचं दार

एक होता राजा. पण तो दिवसभर राज्य करून दमला होता, म्हणून जेवला आणि लवकर निजला. झाली त्याची गोष्ट! हसू नका, राजा निजला की मगच बाकीच्यांच्या गोष्टी सुरू होतात. निनू, पाय आत घे. कुहू, तू त्याला पांघरूण दे. हं.

तर त्या राज्याच्या अगदी टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक होती बुरुडीण. बुरुडीण म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपं, परड्या विणणारी. तिचं नाव साळू. तिच्या घरात दोनच माणसं, एक ती आणि एक तिची म्हातारी सासू. सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण बोटांनी सगळं दिसायचं. सूप हातात घेतलं, बोटं फिरवली, की म्हणायच्या, "साळू, अगं सूप विणलंस की गावाची वेस? यातून बैल जाईल, बैल!" मग साळू हसायची, सूप उसवायची आणि पुन्हा विणायची.

आणि तिसरं माणूस? होतं ना. साळूचा नवरा, भिवा. तो बांबू आणायला रानात जायचा. जाताना सांगून जायचा की येताना तुला काहीतरी आणीन, आणि आणायचाच. कधी करवंदं, कधी मोरपीस, एकदा तर पाखरांनी सोडून दिलेलं घरटं. एका खेपेला तो म्हणाला, "साळू, या वेळी काहीतरी मऊ आणतो." आणि गेला. त्या वर्षी नदी फार मोठी झाली होती, बरं का. भिवा परत आला नाही.

आता त्या बुरुडांच्या वस्तीत एक रीत होती. माणूस बांबूला रानात गेलं, की ते परत येईतो घराच्या दाराला कडी लावायची नाही. का? तर येणाऱ्याच्या खांद्यावर ओझं असतं. हात मोकळे नसतात. त्याला नुसतं खांद्यानं ढकलून आत येता यायला हवं. म्हणून साळूनं कडी लावली नाही. त्या दिवशी लावली नाही, दुसऱ्या दिवशी लावली नाही. मग पावसाळे आले आणि गेले. कडीला गंज चढला. साळू रोज दार नुसतं लोटून घ्यायची. आत्याबाई ऐकायच्या, पण कधी काही बोलायच्या नाहीत.

मग एकदा काय झालं, चैत्र आला. साळूच्या परसात सावरीचं झाड होतं. उंच, आणि अंगभर काटे. त्याची बोंडं तडकली आणि पांढराशुभ्र कापूस उडायला लागला. साळू खाली बसून कामट्या तासत होती. कापसाचा एक पुंजका तरंगत तरंगत खाली आला, जमिनीला टेकला, आणि काय सांगू, त्याला कान फुटले! मग नाक आलं. मग मिशा आल्या. मग तो पुंजका दोन उड्या मारून साळूच्या समोर येऊन बसला. सशीण होती ती, चांगली गुबगुबीत. तिच्या मागून आणखी पुंजके उतरले. सगळं परस सशांनी भरून गेलं.

सशीण म्हणाली, "बाई, घाबरू नकोस."

साळू म्हणाली, "मी कशाला घाबरू? थरथरतेस तर तू."

"तेच तर दुखणं आहे आमचं," सशीण म्हणाली. "आम्ही अजून पुरते ससे नाही. भीती वाटली की आमचा पुन्हा कापूस होतो, आणि वर जाऊन सावरीच्या काट्यांना अडकतो. वैशाखाची वावटळ आली की अडकलेला कापूस लांब उडून जातो, मग तो परत येत नाही. आमच्यातले जेवढे खाली असू तेवढे सगळे एकदा न भिता निजलो, की कायमचे ससे होऊ. अडकलेलेही मग खाली येतील. एवढी जागा देशील का आम्हांला?"

"न भिता निजलात हे मला कसं कळायचं?"

"ससा बसल्या बसल्या निजतो," सशीण म्हणाली. "पाय पोटाखाली, डोळे अर्धे उघडे, कधी पळावं लागेल याचा नेम नाही म्हणून. ज्याला भीती नाही तो कुशीवर पडतो आणि पाय लांब सोडतो. आमच्यातल्या कुणाला अजून ते जमलेलं नाही."

साळू लगेच उठली. तिनं बांबू फोडले, कामट्या काढल्या आणि परसाला चहूबाजूंनी उंच कुंपण विणलं. आत ऐसपैस जागा, कारण सशांना पळायला हवं, उड्या मारायला हव्यात, आणि एकमेकांना चिकटून बसायलाही हवं. एका बाजूला गवत, एका बाजूला माती. आत्याबाईंनी कुंपणावरून बोटं फिरवली. "हं. करंगळी जाते, अंगठा जात नाही. ठीक आहे." त्याच म्हणाल्या, ही आता ससेवाडी.

पण दुपारी आभाळात घार आली. तिनं एक घिरटी घेतली, दुसरी घेतली. तिची सावली गवतावरून सरकली, आणि फुस्स! काही ससे जागच्या जागी कापूस झाले आणि वर काट्यांना जाऊन अडकले.

साळूनं कपाळावर हात मारला. "आभाळ राहिलंच की!" मग तिनं काय केलं? कोंबड्या झाकायचं डालं बघितलंय ना? तसं एक मोठं, खूप मोठं डालं विणलं आणि ससेवाडीवर छप्पर म्हणून बसवलं. ऊन आत येई, वारा आत येई, घार येत नसे. घार छपरावर बसली, चोच मारून बघितली आणि कंटाळून उडून गेली.

मग एके दिवशी पहाटे कोल्हा आला. त्याला उडता येत नाही, पण उकरता येतं. त्यानं कुंपणाला नाक लावलं आणि पुढच्या पायांनी माती मागे फेकायला सुरुवात केली. खसर खसर, खसर खसर. साळू काठी घेऊन धावली तोवर कुंपणाखालून त्याचं नाक आत डोकावलं होतं. नुसतं नाकच, हो. पण सशांना तेवढं पुरलं. फुस्स! आणखी काही पुंजके छपराच्या विणीतून वर गेले.

साळू म्हणाली, "कुंपण खोल पुरावं तर खाली खडक आहे. आता काय करू, आत्याबाई?"

आत्याबाई म्हणाल्या, "उकरताना कोल्ह्याचं नाक कुठे असतं?"

"कुंपणाला."

"आणि पाय?"

"नाकाखाली."

"मग तिथेच टाक की चटई! ज्याच्यावर उभा आहे तेच त्याला उकरता येऊ नये. मागे सरकून लांबून उकरावं एवढी अक्कल कोल्ह्याला नसते. त्याची हुशारी सगळी गोष्टीत."

मग साळूनं बांबूची जाड चटई विणली. कुंपणाच्या बाहेरून सगळीकडे अंथरली, कुंपणाच्या पायाशी घट्ट शिवली, वर दगड ठेवले, माती पसरली. कोल्हा पुन्हा आला. कुंपणाला नाक लावलं, पाय चालवले. खर्र, खर्र! नखं बांबूवर घासली. तो चार ठिकाणी उकरून थकला आणि नखं चाटत निघून गेला.

आता आभाळ बंद झालं, जमीन बंद झाली. तरी ससे बसूनच निजायचे. डोळे अर्धे उघडे.

का बरं? कुहू, तू सांग. बरोबर. दार!

साळूनं ससेवाडीला दार केलंच नव्हतं. नुसती एक फट ठेवली होती, माणूस अंग तिरकं करून शिरेल एवढी. भिवाची यायची वाट परसातूनच होती. तो खांद्यावर बांबू घेऊन आला, तर त्याला अडू नये म्हणून.

एके दिवशी दिवेलागणीला त्या फटीतून रानमांजर आत आलं. उडी नाही, उकरणं नाही. आपल्याच घरी आल्यासारखं चालत आलं. साळूनं त्याला हाकललं, पण तोवर सगळीकडे फुस्स, फुस्स झालं होतं. सावर पांढरी झाली. खाली उरली फक्त सशीण आणि दुमडल्या कानाचं एक पिल्लू. त्या पिल्लाचंही शेपूट कापूस होऊन भुरभुरत होतं. लांबच्या माळावर धुळीचा खांब उभा राहिलेला दिसत होता. वावटळ, बरं का. आज ना उद्या ती इकडे येणार होती.

सशीण रागावली नाही. एवढंच म्हणाली, "साळूबाई, आभाळ झाकलंस, जमीन झाकलीस. मग एवढी वाट कुणासाठी ठेवलीस?"

साळूनं त्या फटीकडे बघितलं. तिनं पिल्लाला पदरात घेतलं आणि ती घरात गेली. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

साळू म्हणाली, "आत्याबाई, वाडीला दार लावायला हवं. खिट्टी घालून, घट्ट."

"मग लाव की."

"लावते. पण… ते बांबूला गेलेत."

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "साळू, एक विचारू? तू घराची कडी का लावत नाहीस?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून. मी कडी लावली तर तुम्हांला वाटेल, हिनं माझ्या लेकाची वाट बघणं सोडलं."

"अगं बाई!" आत्याबाई म्हणाल्या. "आणि मी रोज ऐकते, तू दार नुसतं लोटतेस. थंडीत वारा येतो, माझे गुडघे ठणकतात. तरी बोलत नव्हते. म्हटलं, कडी लाव म्हणाले तर हिला वाटेल, म्हातारीनं लेकाला सोडलं."

मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हणजे साळू बघत राहिली, आणि आत्याबाईंनी तिच्या गालावरून बोटं फिरवली. बोटं ओली झाली.

"त्यांच्या खांद्यावर ओझं असेल तर?" साळूनं विचारलं.

"तर हाक मारेल. हात मोकळे नसतील, पण तोंड तर मोकळं आहे ना त्याचं? लहानपणी सगळी वस्ती उठवायचा मेला, एवढा आवाज. तू हाक ऐकशील आणि उठून दार उघडशील. कडी आतून लागलेली असली म्हणजे आत माणूस आहे. रिकाम्या घराला आतून कडी कोण लावतं?"

मग साळूनं चुलीच्या उजेडात रातोरात दार विणलं. एक नाही, दोन विणली, एकामागे एक. बाहेरचं उघडायचं, आत यायचं, ते लावायचं आणि मगच आतलं उघडायचं. म्हणजे कुणी चुकून बाहेर पडत नाही आणि नको तो आत येत नाही. आत्याबाईंनी बांबूच्या दोन खिट्ट्या तासून दिल्या. मग साळूनं घराच्या कडीला खोबरेल लावलं. कडी थोडी कुरकुरली आणि बसली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला रानमांजर पुन्हा आलं. बाहेरचं दार ढकललं. हललं नाही. छपरावर चढलं. पंजा आत जाईना. खाली उतरून उकरलं. चटई! मग ते शेपूट उडवत निघून गेलं, जसं काही त्याला ससे मुळी आवडतच नव्हते.

आत सशीण बसली होती, पाय पोटाखाली. तिच्या पाठीला टेकून ते पिल्लू. पिल्लानं एकदा दाराकडे बघितलं. कान हलवला. डोळे मिटले. आणि मग हळूच, धप्प! कुशीवर पडलं आणि पाय लांब सोडले. सशिणीनं त्याच्याकडे बघितलं आणि तीही आडवी झाली.

उजाडताना साळू परसात आली. सावरीच्या काट्यांमधून एक पुंजका सुटला, तरंगत खाली आला आणि थेट दारापाशी टेकला. त्याला कान फुटले. साळूनं खिट्टी काढली, म्हणाली, "या." तो आत गेला. तिनं खिट्टी लावली. मग दुसरा आला. काढली, "या", लावली. येतील तसे येत होते आणि ती उघडत होती. तिला एकदाही कंटाळा आला नाही. दुपारी वावटळ आली. गोल गोल फिरली, सावर गदगदा हलवली. उडाली ती नुसती वाळकी पानं. एकही कापूस नव्हता वर.

काय रे निनू? भिवा?

नाही, बाळा. भिवा नाही आला.

पण संध्याकाळी आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर ते दुमडल्या कानाचं पिल्लू. त्यांनी त्याच्या पाठीवरून बोटं फिरवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सूप बघायच्या ना, तशी. पण या वेळी काही चूक काढली नाही. म्हणाल्या, "साळू, भिवा जाताना काय म्हणाला होता गं?"

"काहीतरी मऊ आणतो म्हणाले होते."

आत्याबाई बराच वेळ बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मऊ आहे हो."

मग साळू, आत्याबाई आणि सगळे ससे तिथे सुखानं राहिले. पुढे वाडी सशांनी एवढी भरली की साळूला ती वाढवावी लागली. आणि राजा? तो अजून निजलाय. त्याला उठवू नका.

चला, आता कुशीवर वळा. पाय लांब सोडा. असे. कडी मी लावली आहे, मघाशीच. कुणी हाक मारली तर मी जागीच आहे, मी उठेन. तुम्ही निजा.