राजाच्या वंशजांचं तळं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की आज ती सांगणाऱ्या म्हाताऱ्यांनाही त्यांच्या म्हाताऱ्यांनीच सांगितलेली.

डोंगराखाली एक गाव होतं आणि गावाच्या डोक्यावर एक मोठं तळं. ते एका थोर राजाने बांधलं होतं. बायका जात्यावर अजून त्याच्या ओव्या गात. गावाची एक रीत होती. पावसाळ्याआधी प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्याने तळ्याच्या बांधावर मातीची पहिली पाटी टाकायची, मग बाकीच्यांनी.

एका उन्हाळ्यात गावात हेळवी आला. बैलावर बसून गावोगाव फिरायचं आणि घराघरांच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवायच्या, हा त्याचा धंदा. एका म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसून तो बापाकडून आजाकडे, आजाकडून पणजाकडे मागे मागे गेला आणि थेट त्या राजापाशी थांबला.

म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने पेटीतला ठेवणीतला फेटा काढला. तो बांधूनच म्हातारा जेवू लागला.

पाटी टाकायचा दिवस आला. नात म्हणाली, "आबा, चला. आभाळ भरून आलंय."

"राजाचा वंशज पाटी उचलत नसतो, पोरी. तो हुकूम देतो."

"कुणाला?"

"गावाला!"

दोघं बांधावर गेले. बघतात तर काय, प्रत्येक घरचा वडीलधारा फेटा बांधून, कमरेवर हात ठेवून उभा!

"ए, उचल पाटी," म्हातारा शेजाऱ्यावर ओरडला.

"तू कोण रे सांगणार? मी राजाचा वंशज आहे!"

"मग मी काय आभाळातून पडलो?" तिसरा गरजला.

सगळ्यांनी अजून गावातच असलेल्या हेळव्याला धरलं. "खरा वंशज कोण, सांग!"

"सगळेच," हेळवी म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्यात सोयरिकी केल्यात. दुसरं काय होणार?"

तरी म्हातारे गप्प बसले नाहीत. आता घराण्याची थोरली पाती कुणाची, यावर भांडण जुंपलं. तोवर डोंगरावर पाऊस कोसळला. तळं चढू लागलं आणि बांधाच्या कुशीतून पाणी झिरपू लागलं. खाली साऱ्यांची घरं होती.

नातीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने स्वतःच पाटी भरली आणि म्हाताऱ्यांच्या मधोमध आदळली.

"भांडा, राजांनो, खुशाल भांडा! हे तळं बांधणारा ओव्यांत आहे. आज फुटलं, तर बुडवणारेही ओव्यांत येतील. तुमची सगळ्यांची नावं मी घालीन!"

मग म्हाताऱ्याने डोक्यावरचा फेटा सोडला, त्याची पाटीखाली घ्यायची चुंबळ वळली आणि परत डोक्यावर ठेवली.

"दे गं ती पाटी," तो म्हणाला.

बघता बघता बांधावर रंगीबेरंगी चुंबळींची रांग लागली. चिखलात सगळे राजे सारखेच दिसत होते. संध्याकाळी पाणी थांबलं. बांध टिकला.

त्या वर्षी तळं काठोकाठ भरलं. म्हातारा बांधावर पाय सोडून समाधानाने बसला. "काही म्हण पोरी, राजाचं रक्त आहे हो अंगात!"

"आहे ना," नात त्याच्या मानेला तेल चोळत हसली. "म्हणून तर मान अजून दुखतेय."

जात्यावरच्या ओव्यांत पुढे एक कडवं वाढलं. त्यात नाव कुणाचंच नाही, फक्त चुंबळी आहेत.

तात्पर्य: पूर्वज थोर असतील, तर त्यांचं नाव नव्हे, त्यांचं काम डोक्यावर घ्यावं.