पाचवं पान

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, आणि कुठल्या राजाच्या काळातली तेही नको. राजे आले नि गेले, पण जागा विकणारे आणि जागा घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. म्हणून ही गोष्ट लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी एक पेठ होती. त्या पेठेत एक रीत होती. जागा विकत घ्यायची, तर आधी तिथे 'चुलीचा मान' करायचा. घेणाऱ्याने मूठभर डाळ-तांदूळ घेऊन सकाळीच त्या जागेत जायचं. पाणी तिथल्याच विहिरीचं काढायचं, सरपण तिथल्याच परसातलं घ्यायचं, विस्तव शेजारून मागून आणायचा आणि स्वतःच्या हाताने खिचडी शिजवायची. मग पाच पानं मांडायची. चार पानं चार बाजूंच्या शेजाऱ्यांची आणि पाचवं वाटेने जाणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचं. पाची पानं जेवून उठली की मान झाला. मग विसार द्यायचा, आणि पौर्णिमेच्या आत बाकीची रक्कम. घेणारा मागे फिरला तर विसार बुडाला.

हे सगळं कशासाठी? लोक म्हणत, वास्तुपुरुष प्रसन्न होतो. होत असेल बापडा. मला त्याचं काही सांगता येणार नाही.

तर मैना नावाची एक कासारीण होती. बांगड्यांचं ओझं खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायची आणि बायकांच्या हातात चुडे भरायची. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. ज्या दिवशी जिथे बाजार, त्या दिवशी मैना तिथे. नवरा हैबती बरोबर असे. तो गडी मनाने सोन्यासारखा, पण कुठलीही चकचकीत वस्तू दिसली की पाघळायचा. घरी सासू होती. तिचे दात पडले होते, पण जिभेची धार शाबूत होती.

वर्षानुवर्षं चालून मैनाचे गुडघे गेले. रात्री तेल चोळायचं, सकाळी दात-ओठ आवळून उठायचं. तिने पै-पै साठवून ठेवली होती, आणि तिच्या मनात एकच होतं. पेठेत एखादी जागा घ्यावी, दुकानदारांना भाड्याने द्यावी आणि त्या भाड्यावर तिघांनी बसून खावं. पण पुंजी एकाच खेपेची होती. नेम चुकला तर गुडघे कुरकुरोत नाहीतर मोडोत, मरेपर्यंत चालणं आलं.

पेठेत त्र्यंबकशेठ म्हणून कापडाचे व्यापारी होते. त्यांची एक दुमजली माडी विकायला निघाली. कोरीव दरवाजा, दगडी जोतं, खाली रस्त्याला लागून पाच गाळे. ते पाहून हैबतीच्या तोंडाला पाणी सुटलं.

"अगं मैने, दरवाजा बघ! राजाच्या हत्तीला लाज वाटेल यातून जाताना."

"हत्तीचं भाडं मिळणार आहे का आपल्याला?" मैना म्हणाली. पण खरं सांगते, दरवाजा तिलाही आवडला होता.

शेठजींनी मुहूर्त काढला बुधवारचा. बुधवार म्हणजे पेठेचा बाजार. मैना आणि हैबती डाळ-तांदळाची पुरचुंडी घेऊन गेले, तर आत पाट मांडलेले, रांगोळ्या घातलेल्या आणि पुरणपोळीचा वास दरवळत होता.

"शेठजी, हे काय? मान तर मला करायचाय."

"अहो मैनाबाई, तुम्ही आमच्या पाहुण्या! पाहुणीला धुरात बसवली तर लोक मला काय म्हणतील? घरच्या बायकांनी सगळं करून ठेवलंय. तुम्ही आपलं हात धुऊन पाटावर बसा."

आता सांगा, अशा वेळी आपल्यापैकी कोण 'नाही' म्हणेल? कुणी जेवायला बसा म्हटलं की आपला अर्धा जीव तिथेच विरघळतो. आणि मैना तर उन्हातून चालून आलेली. ती बसली. कटाची आमटी, पोळीवर तुपाची धार. रांजण काठोकाठ भरलेले. बाहेर रस्त्यावर माणसांची नुसती रीघ लागलेली आणि पाची गाळ्यांत दुकानं थाटलेली. शेठजींनी 'पाची भरलेले आहेत' म्हणत एका गाळ्याचं भाडं सांगितलं, तसा हैबतीने जेवता जेवता बोटांवर पाचाचा हिशेब केला आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

पाची पानं जेवून उठली. मैनाने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि विसार म्हणून शेठजींच्या हातावर ठेवल्या. दुसऱ्यांच्या हातांत काच भरून भरून स्वतःच्या कमाईतून केलेल्या होत्या त्या.

घरी आल्यावर सासूने विचारलं, "झाला का मान?"

"झाला की आत्याबाई."

"धूर कुठनं गेला?"

धूर मैनाने पाहिलाच नव्हता.

"विहिरीला पाणी किती खोल?"

"रांजण भरलेले होते, आत्याबाई."

"मी रांजणाचं नाही, विहिरीचं विचारतेय. बरं, पाचव्या पानावर कोण जेवलं?"

मैनाने आठवून पाहिलं. "शेठजींचे मेहुणे."

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. "अगं बये! मेहुणा वाटेवरून आला होता की माजघरातून?"

हैबती मध्ये पडला, "आई, पुरणपोळी मात्र फर्मास होती हं."

"मग पुरणपोळी विकत घ्यायची होती, मेल्या! माडी कशाला घेतलीस?"

त्या रात्री मैनाला झोप लागली नाही. गुडघ्यांमुळे नव्हे. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती आणि ती तिला बोचत होती. त्या पेठेत ती कितीतरी वर्षं जात होती, पण बुधवार सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती तिथे गेली नव्हती. बाजार नसलेल्या गावात कासारणीचं काय काम? जी पेठ आपल्याला पाठ आहे असं ती समजत होती, तिचा एकच वार तिला माहीत होता.

सकाळी तिने तीच पुरचुंडी उचलली आणि पेठेची वाट धरली. हैबती मागून जांभया देत आला.

शेठजी दारातच भेटले. "मैनाबाई, आज कशा? मान झाला की कालच!"

"झाला खरा शेठजी. पण तो तुमच्या चुलीचा झाला. माझी अजून पेटायची आहे."

रीतीपुढे शेठजींचं काही चालेना. त्यांनी किल्ली दिली आणि हसले, पण ते हसू आदल्या दिवशीचं नव्हतं.

मैना विस्तव मागायला उजवीकडच्या घरी गेली. दाराला कुलूप, कुलपाला गंज. मागच्या आणि डावीकडच्या घरालाही तेच. समोरच्या ओसरीवर शेळ्या बांधलेल्या. पाचांतल्या चार गाळ्यांच्या फळ्या लागलेल्या होत्या आणि एकात एक चुरमुरेवाला माशा वारत बसला होता. विस्तव त्याच्याकडेच मिळाला. तिने चूल पेटवली, तर धूर बाहेर जाईना. मागच्या घराने भिंत उंच नेऊन खिडकी बुजवली होती. डोळे पुसत ती विहिरीवर गेली. पोहरा खाली गेला, गेला, आणि वर आला तो गाळ घेऊन. कालच्या रांजणांचं पाणी कुठून आलं होतं?

"बैलावरच्या पखालींतून," चुरमुरेवाला म्हणाला. "मंगळवारी संध्याकाळी खेपा चालल्या होत्या."

खिचडी कशीबशी शिजली. मैनाने पाच पानं मांडली. शेजाऱ्याच्या एका पानावर चुरमुरेवाला बसला. शेजाऱ्यांची बाकीची तीन पानं रिकामीच राहिली, कारण शेजारीच नव्हते; काल त्या पानांवर बसलेलेही शेठजींच्याच घरचे असणार. ती पाचवं पान घेऊन दारात उभी राहिली. ऊन डोक्यावर आलं आणि कललं. रस्त्याने एक कुत्रं गेलं. खिचडी गार झाली.

"बाई, कुणाची वाट बघताय?" चुरमुरेवाल्याने विचारलं. "राजाने नदीला खालच्या अंगाला उतार बांधला, पलीकडे जायची वाट केली, तेव्हापासून व्यापाऱ्यांचे तांडे तिकडनंच घाट चढतात. इथं बुधवारी तेवढा बाजार. त्या दिवशी बाकीचे गाळे एका दिवसापुरते उघडतात. एरवी मी आणि या माशा."

मैना उंबऱ्यावर बसली आणि रडली. अगदी हुंदके देऊन रडली. रडणार नाही तर काय करणार, पाटल्या गेल्या होत्या.

हैबती तिच्याजवळ बसला. "शेठ लबाड निघाला गं."

मैनाने नाक पुसलं. "लबाड कसला? पाची गाळे भरलेले आहेत म्हणाला, बुधवारी भरलेले होते. रांजण भरलेले होते, रस्ता भरलेला होता. आणि मी तरी काय करते? तडा गेलेली बांगडी कधी वर मांडते का? गिऱ्हाईक बोटाने वाजवून बघतं म्हणून फसत नाही. मीच वाजवून बघितलं नाही."

"आता गं?"

"आता घरी."

"घरी? अगं, विसार बुडेल! पाटल्या जातील! त्यापेक्षा घेऊन टाकू माडी. दरवाजा तरी आपला होईल."

"पाटल्या गेल्यात अहो. त्यांच्या मागे बाकीचं सगळं धाडून त्या परत यायच्या नाहीत."

ती तशीच उठली, किल्ली शेठजींच्या हातात दिली आणि चालू लागली. पेठेत लोक हसले. कासारीण शेठला पाटल्या दान करून गेली, असं कितीतरी दिवस म्हणत होते. मैनाने पुन्हा ओझं खांद्यावर घेतलं. दोन पावसाळे ती चालली. गुडघे रडकुंडीला आले, पण आता ती एक नवं काम करायला लागली होती. जिथे जाईल तिथे बाजार नसलेल्या दिवशीही एक चक्कर टाकायची.

अशीच ती नदीच्या नव्या उतारापाशी पोहोचली. तिथे एका म्हाताऱ्या नालबंदाची जागा होती. तांड्यांच्या बैलांना तो तिथे नाल ठोकायचा. एक लांबलचक पडवी, छप्पर गळकं, एक भिंत पोट काढून उभी, आणि दाराचा पत्ताच नाही. म्हाताऱ्याला लेकीच्या गावी जाऊन राहायचं होतं, म्हणून तो ती विकत होता. मैना त्याच्या लेकीच्या गावीही बांगड्या भरायला जात असे. तिने तिथे विचारलं, तर गोष्ट खरी निघाली. बापासाठी खोली सारवून ठेवलेली होती.

"ही?" हैबती म्हणाला. "मैने, हिला तर दारसुद्धा नाही!"

"दार बसवता येतं हो. रस्ता बसवता येत नाही."

तिने चूल पेटवली. धूर सरळ वर गेला, अर्थात छपराला भोकंच तेवढी होती. पोहरा दोन हातांवर भरला, तोही स्वच्छ पाण्याने. खिचडीला उकळी फुटायच्या आत कुणी विस्तव मागायला आलं, कुणी पाणी मागायला. एकाने विचारलं, "बाई, मिठाची पोती एक रात्र ठेवायला जागा मिळेल का?" पानं मांडली तर पाचव्या पानावरून दोन गाडीवान भांडायला लागले. मैनाने आणखी तांदूळ वैरले.

तरी तिने विसार दिला नाही. ती भर पावसात पुन्हा आली, नदीला पूर असताना, आणि पाणी कुठवर चढतं ते पाहून गेली. जोत्याच्या बरंच खाली राहिलं होतं. मग छप्पर शाकारणाऱ्याला घेऊन आली, गवंड्याला घेऊन आली. भिंतीला आणि छपराला काय लागेल ते त्यांच्याच तोंडून नालबंदासमोर वदवलं आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागितली.

नालबंद हसला. "बाई, जागा घ्यायला आलात का बैल?"

"बैल असता तर दातही मोजले असते, बाबा," मैना म्हणाली.

व्यवहार झाला. भिंत उभी राहिली, छप्पर शाकारलं, आडव्या कुडांनी पडवीचे गाळे पडले. पहिल्या वर्षी दोन गाळे रिकामे राहिले. ते राहणार हे तिने आधीच धरलं होतं, त्यामुळे चूल बंद पडली नाही. हळूहळू सगळे गाळे भरले. मैनाने ओझं खुंटीला अडकवलं. सासू ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांना नावं ठेवू लागली, आणि तिचा वेळ फार चांगला जाऊ लागला.

पुढे पेठेचा बुधवारचा बाजारही उतारापाशी सरकला. मग एक दिवस त्र्यंबकशेठ आले. थकले होते बिचारे. माडी विकली गेली नव्हती. चुलीचा मान लोक आता आपल्याच हाताने करू लागले होते, आणि त्या माडीत पाचवं पान काही केल्या जेवत नव्हतं.

"मैनाबाई, कापडाच्या दुकानासाठी एक गाळा हवा होता." त्यांनी उपरण्याची गाठ सोडली आणि अनामत म्हणून दोन सोन्याच्या पाटल्या पुढे ठेवल्या.

मैनाने त्या लगेच ओळखल्या. तिच्या हातात आता काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. हात पुढे करायचा अवकाश, की पाटल्या घरी आल्या असत्या.

पण तिने त्या उचलल्या नाहीत. आत गेली, मूठभर डाळ-तांदूळ आणून शेठजींच्या ओंजळीत ओतले आणि म्हणाली, "शेठजी, चूल तिकडे आहे. विहीर मागे आहे. आधी शिजवा, पाच पानं मांडा. पाचव्या पानावर कोण येतं ते बघा आणि मग पाटल्या द्या."

शेठजींचे डोळे भरून आले. त्यांनी जन्मात पहिल्यांदा चुलीत फुंकर घातली, ठसकले, बोटं भाजून घेतली. पान मांडून ते रस्त्याकडे वळले, तोवर एक थकलेला तांडेवाला त्या पानावर येऊन बसलाही होता.

मग मात्र मैनाने पाटल्या घेतल्या आणि गाळ्याची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

तात्पर्य: विकणाऱ्याच्या पंगतीला जेवून जागेची पारख होत नाही, चूल आपली आपणच पेटवावी.