कर्णिकसाहेबांची पोलादी पट्टी

वेळशीच्या खाडीत वारासुद्धा आपली परवानगी काढून वाहतो, असं शीडबोट क्लबाचे अध्यक्ष कर्णिकसाहेब यांना मनापासून वाटायचं.

रविवारच्या शर्यतीसाठी त्यांच्या इवल्याशा बोटीला पट्टी बसवायची होती. शिडाची दोरी एका छोट्या गाडीला बांधतात आणि ती गाडी या पट्टीवरून सरकते. हे काम क्लबाच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या चांगुणाबायचं. तिने हलकी ॲल्युमिनियमची पट्टी आणली, तर साहेबांनी मोठ्या जहाजाला शोभेल अशी जाडजूड पोलादी पट्टी तिच्यापुढे आदळली.

"ही तिप्पट ताण सोसते. हीच बसव!"

"साहेब, तुमच्या बोटीवर दोन्ही सारखाच सोसतील."

"लाव पैज! हरलीस तर क्लबात पाऊल टाकायचं नाही."

बारा वर्षांचं काम पणाला लागलं, पण चांगुणाबायच्या पोटातलं पाणी हललं नाही. साहेबांच्याच बोटीच्या बांधणीतून दोन सारख्या फळ्या उरल्या होत्या. तिने एकीवर ही, दुसरीवर ती पट्टी ठोकली, दोन्ही उलट्या टांगल्या आणि गाड्यांना वाळूच्या पिशव्या अडकवत गेली. सगळा क्लब चहा विसरून बघत राहिला.

सहाव्या पिशवीला हलक्या पट्टीची फळी कडाडून मोडली. साहेब खदाखदा हसले. हसू थांबायच्या आत सहाव्याच पिशवीला त्यांचीही फळी मोडली. पट्ट्या मात्र दोन्ही धडधाकट!

चांगुणाबायने पोलादी पट्टी कौतुकाने पुसली. "ओरखडासुदीक नाय हो साहेब! रविवारी बोट हितंच ठेवा नि हिच्यावर बसून जावा."