प्लेटलेट्स गेल्या कुठं

"...तरी हेपॅरिन चालू ठेवायचं? रक्त येतंय मॅडम. दिसत नाही का तुम्हाला?"

डॉ. हृषीराज निंबर्गी. परीक्षेत पहिला आलेला, आणि ते कुणाला विसरू न देणारा. रक्त गोठू न देणाऱ्या त्या औषधाचा पंप त्यानं विचारायच्या आधीच बंद केला होता.

पावसकर मॅडम आयसीयूच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून होत्या. रिटायर व्हायचं वय उलटलेलं, गुडघे गेलेले. पोरांना घाम फोडायची हौस तेवढी शाबूत. विभागप्रमुखांचं तर बोलायलाच नको. "बघा काय ते" म्हणून ते चहाला सटकले होते.

पलंगावर अंबादास गुंडेटी. चादरीच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आत अडकलेला. धुरानं फुप्फुसं होरपळलेली. तोंडात नळी, श्वास मशीनचा.

"प्लेटलेट्स तीन लाखांवरून सत्तर हजार. हिरड्यांतून रक्त. हेपॅरिन बंद करायचं, प्लेटलेट्स चढवायच्या. यात विचारायचं काय?"

"रक्त गेलं किती?"

"...कापसाचे दोन बोळे भिजले."

"हेपॅरिन लावायच्या आधीपासून उतरतायत. मग एवढ्या प्लेटलेट्स गेल्या कुठं?"

हृषीराजनं दाराकडे बोट केलं.

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "मी डोनर बोलावलेत. बाहेर उभे आहेत."

मॅडम गुडघा धरत उठल्या. दारापर्यंत गेल्या.

बाहेर कारखान्यातले दहाबारा जण, बाह्या वर करून. पुढं अंबादासची बायको.

"घ्या की ओ लवकर! कशाला थांबलाय?"

मॅडमनी त्यातल्या एकाला विचारलं, "आग लागली तेव्हा कुठं होतास रे?"

"तिथंच की. सगळी पेठ तिथंच. घरात एक माणूस नव्हतं."

"काय केलं एवढ्यांनी?"

"बादल्या घेऊन पळालो..."

"पळालो म्हणे!" अंबादासची बायको उसळली. "गल्लीत ठासून उभे होते सगळे. बंब आला तर त्याला आत जायला जागा नाही. माझा माणूस आत गुदमरतोय, आणि हे बादल्या हलवतायत!"

एकानं वर केलेली बाही खाली ओढली.

मॅडम परत आल्या. हृषीराजचा हात धरला आणि अंबादासच्या छातीवर पालथा ठेवला.

मशीननं हवा भरली. छाती वर आली.

"ऑक्सिजन वाढवत नेलास. रक्तात चढला?"

"नाही."

"का?"

हात तसाच.

छाती खाली गेली. पुन्हा वर आली...

"हवा आत जातेय. ऑक्सिजन पुढं अडलाय," तो म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. "फुप्फुसातल्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या झाल्यात."

"आणि प्लेटलेट्स?"

"...तिथंच. त्या गुठळ्यांत."

मॅडमनी त्याचा हात सोडला.

हृषीराजनं हेपॅरिनच्या पंपाचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"म्हणजे प्लेटलेट्स द्यायच्याच नाहीत?"

"भळाभळा वाहायला लागलं, की दे. मला विचारायलाही थांबू नकोस. दोन बोळ्यांसाठी नाही. आता दिल्या तर त्याही तिथंच जाऊन ठासतील."

तो दाराकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला.

"मॅडम, मीच बोलावलंय त्यांना. आता परत कसं पाठवू? हसतील मला."

"हसू देत."

"पण सांगू काय?"

मॅडम खुर्चीत टेकल्या होत्या. डोळे मिटलेले.

"सांग, गल्ली मोकळी करा."