राजाला न वाचता येणारं तोंड

आधी पाय पोटाशी घ्या, मग सांगते. डोंगरापलीकडे एक राजा होता, झुंजारराव. त्याला सगळं वाचता यायचं, माणसाचं तोंड तेवढं वाचता यायचं नाही. जो तो आपल्यावर चिडलाय, असंच त्याला दिसायचं.

न्हाव्यानं वस्तरा नीट चालावा म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. राजानं त्याला थोबाडलं. मग आचारी धुरानं डोळे बारीक करून वाढायला आला. राजानं ताटच भिरकावलं. मग एकदा काय झालं, त्याच्या लेकीच्या हातून तांब्या सांडला. सुगंधा तिचं नाव, सहा वर्षांची. ती डोळे मोठ्ठे करून बापाकडे बघत राहिली. "माझ्यावर डोळे वटारतेस?" म्हणत राजानं हात उगारला.

त्या दिवसापासून पोर बोलेना. बाप दिसला की पडद्यामागे. राजाचा तिच्यावर फार जीव हो, पण करणार काय?

त्या मुलखात बोहाडा व्हायचा. म्हणजे लाकडी मुखवटे घालून नाचायचं, बरं का. ते मुखवटे जिवली म्हातारी कोरायची. तिची एक रीत होती. जे तोंड कोरायचं, ते आधी आपल्या तोंडावर करून बसायचं. आत काय होतंय ते कळलं, की मगच छिन्नी हातात घ्यायची.

राजानं तिला बोलावलं. "लेकीला एवढा राग कसला आलाय, ते शोध."

जिवली दिवसभर सुगंधाजवळ बसली आणि तिच्या तोंडाचा मुखवटा कोरून घेऊन आली.

"बघ, केवढा हा राग," राजा म्हणाला.

"घाला तर खरं, महाराज."

राजानं मुखवटा चढवला. आणि काय नवल! त्याचे गुडघे लटपटले, छाती धडधडली, पोटात खड्डा पडला. मुखवट्याच्या भोकांतून त्याला समोर एक भलामोठा माणूस दिसला, हात उगारलेला. नीट बघतो तर तो स्वतःच.

"अगं, ही तर भीती आहे," म्हणून राजा लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सुगंधा दारात दिसली, तेच डोळे, तेच तोंड. राजा खाली जमिनीवर बसला. हळूच त्यानं स्वतःचं तोंडही तसंच केलं. पोर बघत राहिली. मग एकेक पाऊल टाकत जवळ आली.

"आबा, तुम्ही घाबरलात?"

"हो गं."

तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग राजा कुणावर हात उगारण्याआधी विचारायला लागला, रागावलास का रे? न्हावी म्हणाला, "नाही महाराज, वस्तरा बोथट आहे."

झाली गोष्ट. आता माझ्या तोंडाकडे काय बघताय? हा राग नाही, जांभई आहे. निजा.