वाटेवरची मावशी

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे आपापल्या राज्याभोवती तट बांधत, पण आभाळाला तट घालणं काही कोणाला जमलं नव्हतं.

दक्षिणेकडच्या एका राज्यात तळ्याकाठी एक गाव होतं. दर दिवाळीला त्या तळ्यावर लांब मानेचे, करड्या रंगाचे करकोचे थव्यांनी उतरत आणि होळीची राख निवली की उत्तरेकडे उडून जात. गावाचा हिशेब सरळ होता. दिवाळीला येते ती लेकच! म्हणून त्यांना करकोचे कोणी म्हणतच नसे. सगळे 'माहेरवाशिणी' म्हणत. पहिला थवा उतरला की बायका काठावर मूठमूठ धान्य टाकून त्यांची ओटी भरत. त्यात निम्मे नर असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

तळ्याची राखण भिवराक्का करायची. जीभ तिखट, पण मन लोण्याचं. पोटची लेक नव्हती, म्हणून आभाळातून उतरणाऱ्या साऱ्याच तिच्या.

पुढे पुढे थवे रोडावत चालले. एका दिवाळीला तर अगदी थोडी पाखरं आली, तीही पार सुकलेली. त्यात पाटलांनी चावडीवर सांगून टाकलं, "आक्का, लेकीच येत नसतील तर माहेर राखून करायचं काय? पुढच्या दिवाळीला पाखरं आली नाहीत, तर बांध फोडून गहू पेरू."

भिवराक्कानं पदर खोचला. "माझ्या पोरींना सासुरवास होतोय. जाऊन विचारतेच त्या लोकांना!"

होळी झाली, पाखरं उडाली आणि भाकरीचं गाठोडं घेऊन भिवराक्काही त्यांच्या दिशेनं चालू लागली.

वाट उन्हाची होती. अर्ध्या वाटेवर, मधल्या राज्यात, तिला कलिंगडांचे मळेच मळे लागले. तिनं एक कलिंगड खाल्लं, मग दुसरं खाल्लं. "लावणाऱ्याचं भलं होवो!" असा तोंड भरून आशीर्वाद देऊन ती पुढे निघाली.

उत्तरेला पोचली तेव्हा तिथला बर्फ वितळून जिकडेतिकडे दलदल आणि गवत झालं होतं. दलदलीचा राखणदार एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. भिवराक्कानं रामराम न करताच तोंड सोडलं.

"तुम्हीच का ते सासरचे?"

म्हातारा भडकला. "सासरचे आम्ही? सासर तुमचं! आमच्या पोरी इथून गुटगुटीत जातात आणि येतात त्या नुसती हाडं होऊन. कितीतरी तर येतच नाहीत. खायला काय घालता त्यांना?"

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी म्हाताऱ्यानं तिला उंच गवतात नेलं. तिथं घरट्यात एक करकोची बसली होती आणि तिच्या पंखाखालून दोन पिल्लं डोकावत होती.

"बाई, तुमच्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण कुठं होतं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

बाळंतपण माहेरी, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे माहेर हे! आणि जन्मभर ज्या सासरच्या नावानं बोटं मोडली, ते सासर आपणच! ती तिथंच चिखलात बसली. आधी तिला रडू आलं आणि मग हसू.

"व्याहीबुवा," ती म्हणाली, "तुम्ही छळत नाही, मी छळत नाही. मग पोरी वाळतात कशानं?"

तेव्हा घरट्यातली करकोची बोलली. "आक्का, दोन्ही घरी आम्हाला पोटभर मिळतं. आम्हाला मारते ती वाट. येताना कलिंगड खाल्लंस?"

"दोन खाल्ली."

"ती आमच्या तळ्यात पिकतात. पूर्वी तिथं उतरून आम्ही दम खायचो, पोट भरायचो. आता बांध फोडलाय. पाणी शोधता शोधता थकलेली पाखरं तिथंच पडतात."

भिवराक्काच्या जिभेवरची गोडी कडू झाली.

मग व्याही आणि विहीण मिळून मधल्या राज्याच्या राणीकडे गेले. राणीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पाखरं इथं अंडी घालत नाहीत की हिवाळा काढत नाहीत. थोडी टेकतात आणि जातात. ना माझ्या लेकी, ना माझ्या सुना. त्यांच्यासाठी माझ्या माणसांनी मळे का सोडावेत?"

प्रश्न खोटा नव्हता. भिवराक्का म्हणाली, "राणीसाहेब, माहेरून सासरी निघालेल्या पोरीला वाटेत मावशीचं घर लागतं. तिथं ती चार घास खाते, म्हणून पुढं पोचते. आमच्यात म्हणतात, माय मरो पण मावशी उरो. ते घर तुमचं आहे."

राणी हसली. "मला बहीण नाही. मावशी मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं." मग जरा थांबून तिनं कबूल केलं, "कलिंगडं पिकली, पण आमच्या विहिरी आटल्या, हेही खरं."

"पाखरं होळीनंतर आमच्याकडे येतात," म्हातारा म्हणाला. "ती गेली की उतरत्या पाण्यामागं गाळात कलिंगडं लावा. पीकही तुमचं, पाणीही तुमचं."

राणीला ते पटलं. दक्षिणेचे गवंडी आले, उत्तरेहून गवताचे कंद आले आणि मधल्या राज्यातल्या माणसांनी फोडलेला बांध आपल्या हातांनी पुन्हा बांधला. शिवाय तिन्ही राज्यांनी एक रीत घातली. लेकीला आणायला मुराळी जातो ना, तसा दरवर्षी पाखरांआधी एक मुराळी घरोघर जाईल आणि विचारील, "पोरी निघाल्यात, पाणी आहे ना?"

भिवराक्का गावी परतली आणि तिनं सारी हकीकत सांगितली. दिवाळी आली. लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीजही झाली, तरी आभाळ रिकामंच. पाटील बैल जुंपून बांधावर आले. भिवराक्का आभाळाकडे डोळे लावून बसली.

तेवढ्यात डोंगरापलीकडून ओळखीचा कलकलाट ऐकू आला. एक रांग दिसली, मग दुसरी, मग मोजायचं कोणाला सुचलंच नाही. पाटलांनी मुकाट्यानं बैल सोडले आणि स्वतः मूठभर धान्य घेतलं.

"आक्का, ओटी लेकींची भरायची की सुनांची?" त्यांनी विचारलं.

"सुनांची!" भिवराक्का डोळे पुसत म्हणाली. "आणि सासू बरी निघाली, एवढं माहेरी सांगा म्हणावं."

तात्पर्य: ज्याला आपलं म्हणतो, त्याच्यासाठी नुसतं आपलं अंगण राखून भागत नाही, त्याची सगळी वाट राखावी लागते, आणि ती कोणा एकट्याला राखता येत नाही.