तिवसाचा पाय

सारिकापूर नगरात राजा रिपुंजयाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्वांनी एका लाकूडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्या जन्मी त्यांचे नाव सारगुप्त. वडिलांच्या मागे नदीपलीकडची वखार त्यांच्या हाती आली. रानातून आलेला ओंडका ते लगेच विकत नसत. त्याची टोके शेणामातीने लिंपून, खाली पट्ट्या देऊन, तो सावलीत वर्षानुवर्षे मुरू देत. इतर व्यापारी म्हणत, "हा लाकूड विकतो की लोणचं घालतो?" सारगुप्त नुसते हसत.

त्याच नगरात यूथिका नावाची माळीण राहत होती. सकाळी ती देवळांसाठी हार ओवी, आणि दुपारी हात मोकळे झाले की लाकूड कोरत बसे. कोणी सांगितले नव्हते, पोट त्यावर चालत नव्हते. लाकडातून पळी, पेटी, एखादा राघू निघाला की तिला दिवसभराचा शीण आठवत नसे. शेजारणी चेष्टा करीत. "फुलं ओवणाऱ्या हातात पटाशी कशाला गं?" यूथिका म्हणे, "माझं मन रमतं तिथं."

तिचा थोरला भाऊ शूरदत्त नगराच्या उत्तर वेशीचा नायक होता. सीमेवरच्या लढाईत त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. ज्याच्या हाकेने वेस उघडे आणि मिटे, तो माणूस उंबरठ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांकडे पाहू लागला. नगरातले सगळे सुतार राजाच्या नव्या सभागृहाच्या कामात गुंतले होते. तेव्हा यूथिकेने ठरवले, भावाचा पाय आपणच घडवायचा.

बाजारातल्या एका व्यापाऱ्याने तिला ढिगाखालचा तुकडा काढून दिला. तिने मन लावून पाय घडवला. शूरदत्त काठी टेकत बाजारापर्यंत गेला, आणि भर चौकात तो पाय उभा चिरला. शूरदत्त भाजीच्या पाट्यांवर पडला. काही लोक धावले, काही हसले. दुसऱ्या व्यापाऱ्याने शिसव म्हणून जे काळेभोर लाकूड दिले, त्याचा रंग घामाने उतरला आणि आतून कीड निघाली.

"यूथिके, पुरे झालं," शूरदत्त म्हणाला. "मी उंबरठ्यावरच बरा. निदान तिथून पडत तरी नाही."

यूथिकेला रात्रंदिवस वाटू लागले, की दोष आपल्याच हातांचा आहे. तरी ती वखारी धुंडाळत राहिली. एकाने विचारले, "किती गाड्या हव्यात?" हातभर लाकूड हवे म्हटल्यावर त्याने पाठ फिरवली. दुसऱ्याने बोट दाखवले, "जळणाचा ढीग तिकडे आहे, बाई." शेवटी नावाड्याच्या बायकोने तिला सांगितले, "पलीकडे सारगुप्ताकडे जाऊन बघ. गाडीभर घेणारा असो की मुठीएवढं घेणारा, तो दोघांनाही बसायला पाट देतो."

यूथिका नदी ओलांडून गेली. सारगुप्तांनी तिला खरोखरच पाट दिला, पाणी दिले आणि मग विचारले, "काय घडवायचंय तुम्हाला?"

इतक्या वखारी फिरून झाल्या, पण हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. तिने पदराखालून तो चिरलेला पाय काढून पुढे ठेवला. सारगुप्तांनी तो उचलला, चिरेवरून अंगठा फिरवला, सांध्यात बोट घालून पाहिले.

"हा सांधा कोणी बसवला?"

"मीच, श्रेष्ठी."

"उत्तम बसलाय. तुमच्या हातांचा काही दोष नाही. लाकूड ओलं होतं. वाळताना ते चिरणारच होतं."

यूथिकेने पदर डोळ्यांना लावला. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मग सारगुप्त तिला वखारीत घेऊन गेले. शिवणीचे लाकूड दाखवून म्हणाले, "हे हलकं आहे, हाताला गोड आहे. पण रोज माणसाचा भार सोसणार नाही." सागाच्या नव्या फळीवर हात ठेवून म्हणाले, "ही दिसायला देखणी आहे, पण अजून कच्ची. आज विकली तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल." अखेर ते आतल्या कोपऱ्यात गेले. तिथे तिवसाचा एक लांब ओंडका होता. गाड्यांच्या धुऱ्या याच लाकडाच्या करतात, कारण ते धक्के खाते पण मोडत नाही. हा ओंडका सारगुप्तांच्या वडिलांनी मुरायला ठेवला होता. त्यावरच्या पिवळसर तपकिरी रेषा सिंहाच्या आयाळीसारख्या दिसत.

"ठोकून पाहा."

यूथिकेने बोटाच्या पेराने टकटक केले. लाकूड खणखणीत वाजले.

"पण मला हातभरच हवंय," ती संकोचून म्हणाली. "एवढा थोरला ओंडका माझ्यासाठी कापलात, तर बाकीचं मोठ्या कामाला येणार नाही."

"हातभरच कापू. पौर्णिमेनंतर या, भावाच्या पायाचं माप घेऊन. रेषा बघून मी स्वतः कापून देईन. हे लाकूड तुमचं झालं."

पौर्णिमा यायच्या आधीच राजाचा अमात्य मंडन वखारीत आला. सभागृह पुरे होत आले होते आणि सिंहासनाच्या हातांसाठी तो मोठे, सलग लाकूड शोधत होता. तिवसाच्या त्या आयाळीसारख्या रेषा दिसताच तो थबकला.

"हाच! सिंहासनाला सिंहाचीच आयाळ. श्रेष्ठी, हा ओंडका आजच वाड्यावर पोचवा, हातभरही कमी चालणार नाही. मोबदला तुम्ही सांगाल तो. आणि इथून पुढे राजवाड्याला लागेल ते सगळं लाकूड तुमच्याच वखारीतून जाईल."

क्षणभर सारगुप्तांचे मन हलले. ओंडके वाहणारे, करवत ओढणारे कितीतरी लोक त्यांच्या आधाराने जगत होते. राजाश्रय मिळाला तर त्यांच्या घरांत सुबत्ता आली असती. माळिणीला दुसरे लाकूड देता आले असते. पण ते दुसरे लाकूड तिच्या भावाला पुन्हा चौकात पाडील, हे त्यांना ठाऊक होते.

"अमात्य, ओंडका दिसतो इथे, पण तो माझा राहिलेला नाही. मी तो देऊन बसलोय."

"कोणाला?"

"यूथिका माळिणीला. तिच्या भावाचा पाय व्हायचाय त्यातून."

मंडनाचा चेहरा लाल झाला. "हौस म्हणून राघू कोरणाऱ्या बाईसाठी तुम्ही राजाला नाही म्हणता?"

दुसऱ्या दिवशी सारगुप्तांना सभेत बोलावणे आले. राजा रिपुंजय दुष्ट नव्हता, पण आपल्या अमात्याला एका व्यापाऱ्याने परत पाठवले हे त्याला लागले होते.

"श्रेष्ठी, माझ्या सिंहासनापेक्षा माळिणीची हौस मोठी झाली का?"

सारगुप्त हात जोडून म्हणाले, "महाराज, ते लाकूड आपल्या सिंहासनाला शोभलं असतं, यात शंका नाही. पण शब्द एकदा दिला की तो विकायला उरत नाही. आज दिलेली वस्तू मी दुसऱ्याला विकली, तर उद्या मी महाराजांना जे विकीन त्याचा तरी भरवसा काय? आणि सिंहासन एका जागी उभं असतं, ते थोडं थांबू शकेल. त्या माणसाला चालायचंय. त्याचा पाय या राज्यासाठीच गेलाय."

तेव्हा मंडन पुढे होऊन म्हणाला, "महाराज, माळिणीने केलेला पाय टिकायचा नाही. वसंतोत्सवाच्या दिवशी तो नायक वेशीपासून वाड्याच्या पायऱ्या चढून इथवर चालत येऊ दे. पाय मोडला, तर वखार राजाची."

राजाने सारगुप्तांकडे पाहिले.

"मान्य आहे," सारगुप्त म्हणाले. "मात्र पणाला फक्त माझी वखार लावा. तो पडला तरी त्याला किंवा त्याच्या बहिणीला कोणी बोल लावू नये."

हे ऐकून यूथिका धावत वखारीत आली. "श्रेष्ठी, माझ्या हातून चुकलं तर तुमचं सगळं जाईल!"

"लाकडाची हमी मी देतो," सारगुप्त म्हणाले. "आणि तुमचा सांधा मी पाहिलाय, तेव्हा तीही चिंता मला नाही." त्यांनी करवत घेतली, रेषा निरखली आणि तो थोर ओंडका शांतपणे कापला.

यूथिकेने हार ओवायचे काम शेजारणींना दिले. एरवी तिची चेष्टा करणाऱ्या त्याच बायका म्हणाल्या, "जा गं, फुलांचं आम्ही बघतो." तिवस चिवट होता. पटाशीला धार लावलावून तिची बोटे सोलली. पण लाकूड कुठे पिळले नाही, कुठे फुटले नाही, आणि जसे मागितले तसे वळत गेले. गुडघा जिथे टेकायचा तिथे तिने घोंगडीचा मऊ तुकडा बसवला.

शूरदत्त मात्र तयार होईना. "पुन्हा साऱ्या गावासमोर पडू म्हणतेस?"

"दादा, या वेळी पडलास तर मी पटाशी नदीत फेकून देईन."

लढाईनंतर पहिल्यांदाच शूरदत्त मोठ्याने हसला. "मग पडून चालायचं नाही. आण इकडे तो पाय."

वसंतोत्सवाच्या दिवशी वेशीपासून वाड्यापर्यंत दुतर्फा माणसे उभी होती. शूरदत्ताने जुना नायकाचा पट्टा बांधला होता. काठी त्याने वेशीपाशीच ठेवली. पहिली पावले जपून पडली. फरसबंदीवर लाकडाचा ठक ठक आवाज उमटत होता, आणि लोक इतके शांत होते की तो आवाज शेवटच्या माणसालाही ऐकू येत होता. बाजाराचा चौक आला. जिथे तो पडला होता, तिथे तो क्षणभर थांबला आणि पुढे निघाला.

वाड्याच्या पायऱ्या उंच होत्या. मधल्या पायरीवर त्याचा तोल गेला. साऱ्या अंगाचा भार एकदम लाकडी पायावर आला. यूथिकेने डोळे मिटले. मंडन पुढे झुकला. तिवस करकरलासुद्धा नाही. शूरदत्त सावरला, ताठ उभा राहिला आणि उरलेल्या पायऱ्या चढून राजापुढे गेला. त्याने मुजरा केला.

मग कोणी सांगितले नसताना तो वळला, भराभर पायऱ्या उतरून खाली गेला, आणि हसत हसत पुन्हा वर चढून आला.

तेव्हा मात्र नगर दुमदुमले. लोकांनी शेले उडवले, ढोल वाजू लागले, बायकांनी यूथिकेला उचलून घेतले. राजा रिपुंजय आसनावरून उठून खाली आला आणि त्याने वाकून तो पाय स्वतः निरखला.

"नायक, उत्तर वेस तुमची वाट पाहतेय," तो म्हणाला. "आणि श्रेष्ठी, आजपासून वाड्याचं लाकूड तुमच्याकडून येईल. माझ्या सिंहासनाचं लाकूडही तुम्हीच निवडा."

"निवडतो, महाराज. पण ते मुरायला वेळ लागेल."

"लागू दे. तोवर मी बाजेवर बसेन!"

राजाच्या या बोलण्यावर सगळी सभा हसली, मंडनालाही हसू आवरले नाही. तो यूथिकेपुढे येऊन म्हणाला, "बाई, मी तुमच्या हातांना ओळखलं नाही." राजा खरोखरच पुढे कितीतरी दिवस बाजेवर बसून न्याय करीत असे, आणि प्रजेला तो पूर्वीपेक्षा अधिक प्रिय झाला. त्याने नगरात दवंडी पिटवली, की हातभर लाकूड मागणाऱ्यालाही प्रत्येक वखारीने खरे, मुरलेले लाकूड द्यावे. मग वैद्य, कुंभारीण, म्हातारा माहूत, ज्यांना ज्यांना कोरायची हौस होती ते सुट्टीच्या दिवशी सारगुप्तांच्या आवारात जमू लागले. नदीकाठ पटाशीच्या आवाजाने आणि गप्पांनी भरून जाई. सारगुप्तांची वखार वाढली, त्यांच्या माणसांची घरे भरली, आणि दिलेला शब्द त्यांनी आयुष्यभर पाळला.

ही कथा सांगून भगवान बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "आपल्या विहाराचे दार राखणारा स्थविर उत्तरक, तोच तेव्हाचा शूरदत्त. रुग्ण भिक्षूंची सेवा करणारी उपासिका कदंबा ही तेव्हाची यूथिका. अमात्य मंडन म्हणजे काल आपली चूक संघापुढे सांगून मोकळा झालेला भिक्षू वारण. राजा रिपुंजय आज याच नगरात दानशूर गृहपती म्हणून राहतो. आणि सारगुप्त तो मीच होतो."

लाभ समोर उभा असतानाही दिलेला शब्द न सोडणे, ही सत्यपारमिता. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी ती पूर्ण केली.